निडीत फोन, मुंबईत पायथन

पावसाळा लागला की रायगड जिल्हा प्रशासन नद्यांच्या पाणीपातळीचा तक्ता रोज जाहीर करते. सावित्री, अंबा, कुंडलिका, पाताळगंगा, उल्हास आणि गाढी अशी सहा नावे असतात. प्रत्येक नावापुढे इशारा पातळी, धोका पातळी आणि त्या वेळची पातळी दिलेली असते. अंबेची धोका पातळी ९ मीटर, कुंडलिकेची २३.९५ मीटर. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर नागोठणे आणि रोहा यांच्या मध्ये निडी हे लहानसे स्थानक आहे. एकीकडे नागोठण्याजवळून अंबा धरमतरच्या खाडीकडे जाते, दुसरीकडे रोह्याजवळून कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीकडे. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने जांभूळपाड्यात जो हाहाकार केला तो पाहिलेली पिढी अजून आहे, त्यामुळे या तक्त्यातल्या दोन ओळी इथे काळजीपूर्वक वाचल्या जातात.

वाचल्या जातात, पण साठवल्या जात नाहीत. मोबाइलवर आलेला तक्ता दुसऱ्या दिवशी मागे पडतो. कोणी तो रोज ओळीने लिहून ठेवला तर त्याला विचारण्यासारखे पुष्कळ आहे. अंबा चढू लागली की त्याच दिवशी कुंडलिकाही चढते का, की तिची चाल वेगळी असते? पाऊस उघडलेला असताना कुंडलिका का वाढते? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडेफार माहीत आहे. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून उतरून कुंडलिकेला मिळते, त्यामुळे या नदीची पातळी तिच्या खोऱ्यातल्या पावसाइतकीच घाटमाथ्यावरून सोडलेल्या पाण्यावरही ठरते. ते नेमके किती, हे मात्र आकडे मांडल्याशिवाय कळणार नाही.

आकडे मांडायला पायथन ही भाषा उत्तम आहे. गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली आणि आज शाळकरी मुलापासून हवामानशास्त्रज्ञापर्यंत सगळे ती वापरतात. पर्ल, पीएचपी, रुबी यांच्यासारखीच ही स्क्रिप्टिंग भाषा. लिहिलेली ओळ लगेच चालवून पाहता येते आणि चुकली तर सुधारून पुन्हा चालवता येते. नदीच्या पातळ्यांची फाईल वाचायची, प्रत्येक आकडा धोका पातळीतून वजा करायचा आणि आलेख काढायचा, हे काम पंधरा-वीस ओळींत होते. वजाबाकी करायची, कारण प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचा शून्य वेगळा असतो. नागोठण्याचे ९ आणि रोह्याचे २३.९५ हे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. ‘धोक्यापासून किती खाली’ हा आकडा काढला की दोन्ही नद्या एकाच कागदावर येतात.

पंधरा ओळी शिकायला एक रविवार पुरतो. अडचण त्याच्या आधीच येते. नुसता पायथन असून भागत नाही. आकड्यांच्या रकान्यांसाठी पांडाज ही लायब्ररी लागते, पांडाजला नमपाय लागते, आलेखासाठी मॅटप्लॉटलिब लागते, आणि या प्रत्येकीची एक आवृत्ती दुसरीच्या ठरावीक आवृत्त्यांशीच जुळते. नमपायचा गाभा सी भाषेत लिहिलेला आहे, म्हणून जुन्या लॅपटॉपवर, जुन्या विंडोजवर तो नीट बसेलच असे नाही. लिनक्सवर वेगळीच भिंत आड येते. उबुंटूच्या नव्या आवृत्त्या सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट काही बसवू देत नाहीत, त्यासाठी वेगळे आभासी वातावरण करावे लागते. हा निर्बंध योग्य आहे, पण पहिल्याच दिवशी लाल अक्षरांतला तो संदेश पाहणाऱ्या मुलाला वाटते की आपल्यालाच काही येत नाही. किती तरी जणांचे प्रोग्रामिंग प्रोग्राम लिहिण्याआधीच संपते, आणि मला ही गोष्ट फार लागते. प्रश्न त्यांच्याकडे असतात, चिकाटीही असते, आणि ती सगळी सामानाची जुळवाजुळव करण्यात खर्ची पडते.

हा अडथळा महाराष्ट्रातच, पवईला, बऱ्याच आधी ओळखला गेला होता. आयआयटी मुंबईत केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षण या राष्ट्रीय मोहिमेखाली ‘फॉसी’ हा प्रकल्प उभा राहिला. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर आणणे हा त्याचा हेतू. त्यामागच्या प्राध्यापकांपैकी प्रा. कन्नन मौद्गल्य हे रसायन अभियांत्रिकीचे आणि प्रा. प्रभू रामचंद्रन हे विमानविद्येचे. रामचंद्रन यांनी त्रिमितीय चित्रांसाठी लिहिलेली ‘मायावी’ ही पायथन प्रणाली जगभर वापरली जाते. महागड्या मॅटलॅबऐवजी सायलॅब हे फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत जन्मलेले मुक्त सॉफ्टवेअर वापरावे, असा फॉसीचा एक आग्रह होता. नुसता आग्रह धरून ते थांबले नाहीत. देशभरातल्या विद्यार्थ्यांकडून अभियांत्रिकीच्या नावाजलेल्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून घेतली आणि ‘सायलॅब ऑन क्लाउड’ नावाची सोय उभी केली. ब्राउझर उघडायचा, पुस्तक निवडायचे, प्रकरण निवडायचे, उदाहरण निवडायचे आणि चालवायचे. गणित आयआयटीच्या सर्व्हरवर होते, उत्तर आपल्या पडद्यावर येते. आपल्या यंत्रावर काहीही बसवावे लागत नाही. विद्यार्थी त्या ओळींतले आकडे बदलूनही पाहू शकतो. ज्या कॉलेजात चांगले संगणक थोडे आहेत तिथे याची किंमत किती, हे वेगळे सांगायला नको. त्याच संस्थेतून आलेले ‘स्पोकन ट्युटोरियल’चे छोटे धडे मराठीतही आहेत, आणि पायथन शिकायला सुरुवात करणाऱ्याने ते आधी पाहावेत असे मी आवर्जून सांगेन.

पवईची ही सोय संस्थेने दिलेली. आपल्या स्वतःच्या कामासाठी, आपल्या वेळापत्रकाने चालणारे असेच वातावरण हवे असेल तर सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. अ‍ॅमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये तासाच्या भाड्याने संगणक द्यायला सुरुवात केली तेव्हाच त्यासोबत ‘इमेज’ ही कल्पना आली. एका सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम, भाषा, लायब्ऱ्या, मांडणी सगळे नीट बसवायचे आणि त्या पूर्ण डिस्कची प्रत काढून ठेवायची. पेण-हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात साचा एकदा नीट उतरला की त्यातून एकसारख्या मूर्ती निघत राहतात, आणि मग प्रत्येकीची आखणी व रंग वेगळे होतात. इमेजचे काम साच्याचे. तिच्यातून दोन-चार मिनिटांत नवा सर्व्हर उभा राहतो, पायथन, पांडाज आणि ब्राउझरमध्ये पायथन चालवू देणाऱ्या ज्युपिटरसह, आणि पुढची आखणी आपली. २०१३ मध्ये डॉकर आले आणि हीच कल्पना आणखी हलकी झाली. पूर्ण डिस्कऐवजी फक्त त्या कामापुरते वातावरण बांधून नेता येऊ लागले.

निडीहून असा सर्व्हर वापरणे आज शक्य आहे यामागे २०१६ या सालाचा मोठा हात आहे. त्या जूनमध्ये अ‍ॅमेझॉनचा मुंबई रिजन, म्हणजे इथला डेटा सेंटरांचा समूह, सुरू झाला. मायक्रोसॉफ्टची भारतातली केंद्रे त्याच्या आदल्या वर्षी पुणे, मुंबई आणि चेन्नईत आली होती, गूगलचे मुंबईचे केंद्र पुढच्या वर्षी आले. आणि त्याच २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओने मोबाइल डेटाचे दर खाली आणले. सर्व्हर जवळ आला आणि तिथवरचा रस्ता स्वस्त झाला, हे दोन्ही चार महिन्यांत घडले. जुलै २०२० मध्ये तर पनवेलला, म्हणजे याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, हिरानंदानी समूहाच्या योट्टा कंपनीचे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले.

जवळच्या रिजनचा फरक हाताला जाणवतो. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेतले व्हर्जिनिया इथून सुमारे १३ हजार किलोमीटर, म्हणजे नुसत्या जाण्या-येण्यालाच सेकंदाचा आठवा हिस्सा लागतो, आणि वाटेतल्या वळणांमुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. टर्मिनलमध्ये एकेक अक्षर टाइप करताना हा उशीर त्रास देतो. मुंबईचा सर्व्हर घेतला की तो फारसा उरत नाही. नवे खाते उघडल्यावर अनेकदा एखादा परदेशी रिजन आधीच निवडलेला असतो, तो बदलून मग पुढे जावे.

प्रत्यक्ष सर्व्हर घेताना पाच निवडी कराव्या लागतात: रिजन, इमेज, आकार, लॉगिनची किल्ली आणि कोणते दरवाजे (पोर्ट) उघडे ठेवायचे ते. आपल्या नद्यांच्या कामाला अगदी लहान आकारही पुरतो. रोज दोन नद्यांची एकेक नोंद धरली तर दहा पावसाळ्यांच्या नोंदी काही हजार ओळींच्या आत बसतात, आणि १ जीबी मेमरीत पांडाज त्या सहज वाचते. इमेज निवडताना शक्यतो मूळ प्रकाशकाची घ्यावी. उबुंटूची दर दोन वर्षांनी येणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती घेतली तर सुरक्षेच्या दुरुस्त्या पाच वर्षे मिळतात. २४.०४ मध्ये पायथन ३.१२ आधीपासून असतो. ज्युपिटर आणि लायब्ऱ्या भरलेल्या तयार इमेजही मिळतात. त्या घेताना कोणी बनवली आणि शेवटची कधी सुधारली, एवढे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

सर्व्हरशी बोलायला लॅपटॉपच हवा असे नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे अ‍ॅप घेतले की त्यातून एसएसएचने, म्हणजे सुरक्षित जोडणीने, सर्व्हरच्या आत जाता येते. लहान पडद्यावर मोठा प्रोग्राम लिहिणे कष्टाचे आहे, पण लिहून झालेला प्रोग्राम चालवणे, आजचा आकडा फाईलमध्ये टाकणे, आलेख पाहणे ही कामे फोनवर व्यवस्थित होतात. आकडेमोड तिकडे चालते, फोनवर अक्षरे आणि एखादा आलेख एवढेच ये-जा करते, म्हणून डेटाही थोडा लागतो.

रोज सकाळी आपोआप आलेख निघावा यासाठी लिनक्समध्ये क्रॉन असतो. त्याला सात वाजता म्हणून सांगितले तर आलेख निघेल दुपारी साडेबारा वाजता. बहुतेक तयार सर्व्हरांचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. एक तर क्रॉनला दीड वाजता असे सांगावे, किंवा सर्व्हरचा वेळेचा विभाग आशिया-कोलकाता करावा. पुराच्या नोंदींत हे नुसत्या सोयीपुरते उरत नाही. पहाटे तीनची भारतीय वेळेची नोंद यूटीसीत आदल्या दिवसाच्या रात्री साडेनऊची होते, तारीखच बदलते, आणि मग अंबा आधी चढली की कुंडलिका याचे उत्तर उलटे निघू शकते. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर ती कोणत्या वेळेची आहे हे फाईलमध्येच लिहिलेले असावे.

मराठीचा प्रश्न याहून अवघड. पायथन ३ ला देवनागरी मजकूर मुळातच समजतो, फाईलमध्ये ‘कुंडलिका’ लिहिले तर तो बरोबर वाचतो. पण आलेखावर नाव छापायला गेलो की तिथे चौकोन उमटतात, कारण मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही आणि तयार इमेजमध्येही बहुधा मराठी फॉन्ट बसवलेला नसतो. नोटो सान्स देवनागरी बसवला की अक्षरे येतात, पण जागा चुकते. ‘लि’ मधली वेलांटी संगणकाच्या साठवणीत ल नंतर असते. दाखवताना ती ल च्या आधी न्यावी लागते आणि जोडाक्षरे जुळवावी लागतात. मॅटप्लॉटलिबच्या अनेक आवृत्त्यांच्या नेहमीच्या छपाईत ही जुळणी होत नाही, वेलांटी ल नंतरच उमटते आणि नदीचे नाव विचित्र दिसते. ब्राउझर मात्र ही जुळणी उत्तम करतो. म्हणून मराठी आलेख प्लॉटलीसारख्या लायब्ररीने वेब पानाच्या रूपात काढावा आणि अक्षरे जुळवण्याचे काम ब्राउझरवर सोपवावे. गावातल्या लोकांना वाचायला द्यायचा आलेख मराठीतच असला पाहिजे, तेव्हा एवढी खटपट करण्यासारखी आहे. मराठी फॉन्टसह तयार केलेली एखादी चांगली इमेज आपल्या विद्यापीठांपैकी कोणी सांभाळली तर हजारो विद्यार्थ्यांचे श्रम वाचतील. माणगावजवळच्या लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, त्याला हे काम शोभेल.

वर्गासाठी तर प्रत्येक मुलाला वेगळा सर्व्हर घ्यायचीही गरज नाही. ‘द लिटलेस्ट ज्युपिटरहब’ नावाची मुक्त प्रणाली एकाच सर्व्हरवर शंभरेक जणांची सोय करते. शिक्षकाने लायब्ररी एकदा बसवली की ती सगळ्यांना मिळते, प्रत्येकाचे लॉगिन आणि फाईल वेगळ्या राहतात, आणि एकाच्या चुकीच्या प्रोग्रामने सगळी मेमरी खाऊ नये म्हणून मर्यादा घालता येते. तासिकेपुरता सर्व्हर चालू, नंतर बंद. ज्याला भाडे भरायला कार्डच नाही अशा विद्यार्थ्याने गूगल कोलॅब वापरावे. ते फुकट आहे आणि पांडाज त्यात आधीच असते. मात्र तिथले यंत्र तात्पुरते असते, काही वेळ वापर नसला की काढून घेतले जाते आणि त्यावर ठेवलेल्या फाईल त्याच्याबरोबर जातात. शिकायला ते उत्तम, रोज सकाळी आपोआप चालणाऱ्या कामाला नाही.

सुरक्षेबाबत दोन गोष्टी मी पुन्हा पुन्हा सांगतो. इंटरनेटवर उघड्या सर्व्हरांचे दरवाजे ठोठावणारे प्रोग्राम अहोरात्र फिरत असतात, नवा सर्व्हर उभा राहिल्यावर थोड्याच वेळात ते येऊन पोहोचतात. पासवर्डने होणारे लॉगिन बंद ठेवावे आणि किल्लीच्या फाईलनेच आत जावे, ती फाईल कोणालाही पाठवू नये. दुसरी गोष्ट ज्युपिटरची. तो ८८८८ या क्रमांकाच्या दारावर बसतो, आणि त्याच्यातून सर्व्हरवर कोणतीही आज्ञा चालवता येते. ते दार संकेतशब्दाविना सगळ्या जगाला उघडे ठेवले तर दुसरा कोणी येऊन आपल्या पैशाने आभासी चलन खणायला लागतो. एसएसएचच्या बोगद्यातून ज्युपिटर उघडला तर बाहेरचे दार उघडावेच लागत नाही.

बिल हे या सगळ्यातले सर्वांत न कळणारे प्रकरण. सर्व्हर ‘थांबवला’ की त्याचे तासाचे भाडे थांबते, डिस्कचे थांबत नाही. डिस्कसह पूर्ण काढून टाकला तरच तेही थांबते. फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन सार्वजनिक आयपी पत्त्याचेही तासाला अर्धा सेंट घेते, महिनाभर चालू ठेवला तर साडेतीन डॉलरच्या वर. खाते उघडल्याबरोबर खर्चाची मर्यादा ओलांडली तर मेल यावा अशी सूचना लावून ठेवावी. आणि दिवसातून दहा सेकंद चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी चोवीस तास सर्व्हर ठेवायचा का, याचाही विचार करावा. अ‍ॅमेझॉनच्या लॅम्डासारख्या सेवेत पायथन तयारच असतो, आपण स्क्रिप्ट आणि तिला लागणाऱ्या लायब्ऱ्या द्यायच्या, स्क्रिप्ट चालली तेवढ्या वेळाचेच पैसे. एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ती चालत नाही, पण नदीच्या आलेखाला तेवढे लागतच नाहीत.

सर्व्हर मुंबईत असला म्हणून आपत्तीत तो आपल्या हाताशी असेल असे धरून चालू नये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा विजेचे खांब पडले आणि मोबाइलचे टॉवरही बंद पडले. अशा दिवशी दूरच्या सर्व्हरवरची नोंद शाबूत राहते, पण गावातून ती दिसत नाही. म्हणून पूर आला असताना इशारा देण्याचे काम या स्क्रिप्टवर सोपवू नये. तो भार प्रशासनाचा, भोंग्याचा आणि माणसांनी एकमेकांना मारलेल्या हाकेचा. हा आलेख पूर ओसरल्यावर समजून घेण्यासाठी आहे.

तयार इमेजवर विसंबण्यालाही मर्यादा आहे. बिटनामी या कंपनीच्या पीएचपी, पायथन वगैरेंच्या तयार इमेजवर जगभरचे छोटे सर्व्हर वर्षानुवर्षे उभे होते. २०१९ मध्ये ती व्हीएमवेअरने घेतली, २०२३ मध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे गेली, आणि २०२५ मध्ये बिटनामीच्या बहुतेक फुकट डॉकर इमेज जुन्या भांडारात हलवण्यात आल्या, जिथे नव्या दुरुस्त्या येत नाहीत. सुरुवात तयार इमेजने करायला काहीच हरकत नाही, ती जरूर करावी. पण पहिल्या आठवड्यातच आपल्या कामाला लागणाऱ्या लायब्ऱ्यांची नावे आणि आवृत्त्या एका साध्या मजकूर फाईलमध्ये उतरवून घ्याव्यात. पायथनच्या लायब्ऱ्या बसवणारा पिप ही यादी एका आज्ञेत काढून देतो आणि दुसऱ्या यंत्रावर तीच यादी वाचून सगळे पुन्हा बसवतो. तिच्याखाली वेळेचा विभाग, फॉन्टचे नाव आणि क्रॉनची ओळ लिहावी. स्क्रिप्ट, ही यादी आणि पातळ्यांची फाईल यांची एक प्रत फोनवर आणि एक शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकावर ठेवावी.

ऑक्टोबरमध्ये पाऊस परतला आणि तक्ते येणे थांबले की हे सगळे तपासून पाहायची चांगली संधी मिळते. आधी त्या मोसमाचा आलेख उतरवून घ्यावा, प्रती उघडून पाहाव्यात आणि मग सर्व्हर डिस्कसह काढून टाकावा. नंतर फक्त त्या यादीवरून, कोऱ्या उबुंटूवर, नवा उभा करावा आणि तीच फाईल देऊन आलेख काढावा. अंबेची आणि कुंडलिकेची रेघ पूर्वीच्याच जागी आली तर यादी पूर्ण आहे. नाही आली तर काय लिहायचे राहिले ते शोधायला जूनपर्यंत वेळ आहे.